काही पिक्सेल दोनच आकड्यांत उड्या मारतात. कॅमेरा बिघडलाय का?

भोरचा_ध्रुव

नमस्कार मंडळी,

भोरच्या पुढे आमचं शेत आहे, तिथून मी आकाशाचे फोटो काढतो. दिवाळीत थंड करता येणारा मोनो सीमॉस कॅमेरा घेतला. सध्या शर्मिष्ठेतला आयसी १८०५ हा तेजोमेघ हायड्रोजन अल्फा फिल्टरमधून टिपतोय. एकेक फ्रेम ३०० सेकंदांची, सेन्सर उणे १० अंशांवर, गेन असा की एका इलेक्ट्रॉनला साधारण ४ आकडे मिळतात.

डार्क (टोपी लावून घेतलेल्या फ्रेम) वजा केले, फ्लॅट (एकसारख्या उजेडात घेतलेल्या फ्रेम) लावले, स्टॅक केलं, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक चित्र केलं, तरी काळोख्या भागात ठिपके राहतातच. पांढरेही आणि काळेही. पांढऱ्यांना हॉट पिक्सेल म्हणता येईल, पण काळे कुठून आले ते कळेना. म्हणून टोपी लावून घेतलेल्या डार्क फ्रेम क्रमाने लावल्या आणि दोन पिक्सेलचे आकडे वहीत उतरवून काढले.

पहिला: ४९८, ५०७, ५०३, ५२६, ५५३, ५४९, ५४१, ५५०, ५४६, ५०१, ४९६, ५०५, ५०३, ५४७...

दुसरा: ५०२, ४७६, ४९९, ५२७, ५०४, ५०१, ४९७, ५२३, ४७९, ५००...

शेजारचे पिक्सेल ५०० च्या आसपास पाच-सहा आकडे मागेपुढे होतात, तेवढंच. पहिला मात्र एकतर ५०२ च्या जवळ असतो नाहीतर ५४८ च्या, आणि एकदा वर गेला की काही फ्रेम वरच मुक्काम करतो. दुसरा मधूनच २५ वर किंवा २५ खाली जातो, पण तिथे टिकत नाही.

वॉरंटी अजून शिल्लक आहे. परत पाठवू का? आणि मुळात हे आहे तरी काय?

स्टॅकर_सांगली

पाठवू नका. प्रत्येक फ्रेमनंतर माऊंट (कॅमेरा-दुर्बिणीचा फिरता आधार) थोडा सरकवा, म्हणजे डिदरिंग करा, आणि स्टॅक करताना सिग्मा क्लिपिंग, म्हणजे बाकीच्यांपासून फार दूरचे आकडे फेकणं, चालू ठेवा. माझ्याही कॅमेऱ्यात असे ठिपके आहेत, अंतिम चित्रात एकही दिसत नाही. आकडे वहीत लिहीत बसण्याइतकं त्यात काही नाही.

टेस्टबेंच

ध्रुव, सांगलीकरांचा उपाय बरोबर आहे, त्याच्याकडे मी येतेच. पण वहीत आकडे लिहिलेत ते फार चांगलं केलंत. बहुतेक लोक एक फ्रेम घेऊन लाखो पिक्सेल बघतात. तुम्ही एक पिक्सेल घेऊन त्याचा काळ बघितलात, म्हणून तुम्हाला हे सापडलं. स्टॅक केलेल्या चित्रात तो नुसता एक ठिपका होता.

याला रँडम टेलिग्राफ नॉइज म्हणतात, थोडक्यात आरटीएन. संकेत दोन ठरलेल्या पातळ्यांपैकी एकीवर असतो, आणि केव्हा दुसरीवर जाईल याला काही नेम नसतो. पातळ्या ठरलेल्या, वेळ बेभरवशाची. तुमच्या दोन पिक्सेलमध्ये याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोघांची कारणंही वेगळी आहेत.

माझी याच्याशी ओळख जुनी आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी पुण्यात भट्ट्यांची तापमान मोजणारी उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात इनकमिंग टेस्टिंगला लागले. ७४१ ऑपअँपच्या, म्हणजे बारीक संकेत मोठा करणाऱ्या आयसीच्या, नळ्याच्या नळ्या यायच्या आणि त्यातून इनपुट स्टेजला लावायचे आयसी निवडायचं काम माझ्याकडे होतं. इनपुट ग्राउंडला जोडायचं, गेन १०००, आणि आऊटपुट अँप्लिफायरमधून हेडफोनला. चांगल्या आयसीत एकसारखी सरसर ऐकू येते. वाईट आयसीत त्या सरसरीतून मधेच ताडकन आवाज येतो, कढईत लाह्या फुटाव्यात तसा. पॉपकॉर्न नॉइज हे नाव तिथूनच पडलं. ऑसिलोस्कोपवर लावलं की रेषा दुमजली दिसायची. कधी काही मिलिसेकंद वर, कधी दोन-तीन सेकंद वर.

आमच्या गिऱ्हाइकाला याचा काय त्रास? के टाइप थर्मोकपल (तापमानाप्रमाणे व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी) एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. म्हणजे इनपुटला ४० मायक्रोव्होल्टची उडी बसली की भट्टीचं तापमान एका अंशाने उडाल्यासारखं दिसणार. नियंत्रक त्याला खरं मानून हीटर चालू-बंद करणार. दहा वाचनांची सरासरी घेऊन भागत नाही, कारण उडी दहा वाचनांपेक्षा जास्त वेळ टिकते. साध्या सरसरीचं तसं नसतं. तिच्यात प्रत्येक वाचन मागच्यापासून स्वतंत्र, म्हणून सरासरीने ती झपाट्याने कमी होते. टेलिग्राफ नॉइजला मागच्या क्षणाची आठवण असते. तो आत्ता वर असेल तर पुढच्या क्षणीही वरच असण्याची शक्यता जास्त. सरासरी काढायची तर मुक्कामाच्या काळाच्या कितीतरी पट थांबावं लागतं.

७४१ मध्ये याचं मूळ बहुतेक वेळा एमिटर-बेस जंक्शनजवळच्या स्फटिकदोषात किंवा धातूच्या अशुद्धीत असायचं. कारखाने स्वच्छ होत गेले तसा तो प्रकार कमी झाला. पण ट्रान्झिस्टर लहान होत गेले आणि तीच गोष्ट नव्या रूपात परत आली. आता तुमच्या पिक्सेलकडे येते.

तुमचा दुसरा पिक्सेल आधी घेऊ. प्रत्येक पिक्सेलमध्ये प्रकाश साठवणाऱ्या फोटोडायोडबरोबर काही ट्रान्झिस्टर असतात. त्यातला सोर्स फॉलोअर नावाचा ट्रान्झिस्टर साठलेल्या भाराचं व्होल्टेजमध्ये वाचन करतो. तो मायक्रॉनच्या अंशाएवढा. त्याच्या सिलिकॉनवर काही नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर असतो, आणि जिथे हे दोन पदार्थ भेटतात तिथे किंवा थराच्या किंचित आत एखाद्या ठिकाणी अणूंची जुळणी चुकलेली असते. ती जागा म्हणजे सापळा. ट्रान्झिस्टरमधल्या प्रवाहाच्या वाटेतून, म्हणजे वाहिनीतून, जाणारा एखादा इलेक्ट्रॉन त्यात अडकतो, काही काळाने सुटतो. अडकला की वाहिनीवरचं व्होल्टेज जरासं बदलतं, प्रवाह एक पायरी खाली येतो. सुटला की पुन्हा वर.

पायरी केवढी? ऑक्साइड ५ नॅनोमीटर आणि ट्रान्झिस्टर ०.३ बाय ०.३ मायक्रॉन धरा. गेटची (वाहिनीतला प्रवाह ठरवणाऱ्या टोकाची) धारिता येते ०.६ फेम्टोफॅरडच्या आसपास. तेवढ्या धारितेवर एका इलेक्ट्रॉनचा भार म्हणजे सुमारे पाव मिलिव्होल्ट. प्रकाशाने आलेला एक इलेक्ट्रॉन वाचनात ०.१ मिलिव्होल्ट देतो असं धरलं, तर सापळ्यातला तो एकटा इलेक्ट्रॉन बाहेर अडीच इलेक्ट्रॉनांएवढा दिसणार. तुमची उडी २५ आकड्यांची, म्हणजे सहा इलेक्ट्रॉनांची. तीही पटण्यासारखी आहे, कारण वाहिनीतला प्रवाह सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. जिथे त्याची वाट अरुंद झाली आहे नेमका तिथेच सापळा असला तर पायरी दुप्पट-तिप्पट होते. लहान पायऱ्यांचे पिक्सेल रीड नॉइजमध्ये, म्हणजे वाचनाच्या नेहमीच्या गोंगाटात, दडून राहतात, तुमच्या डोळ्यांत भरतात ते मोठ्या पायऱ्यांचे मोजके.

पण मग त्याच्या तीन पातळ्या का? ४७६ च्या आसपास, ५०० आणि ५२५. कॅमेरा प्रत्येक पिक्सेल दोनदा वाचतो. एकदा रिसेट केल्यावर, एकदा भार आल्यावर, आणि दोन्हींची वजाबाकी करतो. दोन्ही वाचनांच्या वेळी सापळा एकाच स्थितीत असेल तर उडी वजाबाकीत गायब होते आणि ५०० मिळतात. मधल्या मायक्रोसेकंदांत इलेक्ट्रॉन अडकला तर एका बाजूला, सुटला तर दुसऱ्या बाजूला. म्हणून मधे एक उंच शिखर आणि दोन्हीकडे सारख्या अंतरावर दोन ठेंगणी. हा नमुना दिसला की समजावं, सोर्स फॉलोअरमधला सापळा आहे.

पहिला पिक्सेल निराळा. तो काही मिनिटं वर राहतो. तिथे वाचणारा ट्रान्झिस्टर ठीक आहे, फोटोडायोडमधला डार्क करंटच, म्हणजे उजेड नसतानाही साठणारा भार, दोन मूल्यांत उडतोय. सिलिकॉनमधल्या एखाद्या दोषाला दोन रचना जमतात. एका रचनेत तो इलेक्ट्रॉन हळू निर्माण करतो, दुसऱ्या रचनेत भराभर. अवकाशात प्रोटॉनच्या माऱ्याने असे दोष तयार होतात, म्हणून अंतराळ दुर्बिणींना हा रोजचाच त्रास. डिसेंबर २०१९ मध्ये सुटलेल्या युरोपच्या केऑप्स दुर्बिणीच्या प्रकाशवक्रांतही असे पिक्सेल शोधून त्यांचा हिशेब करावा लागतो. जमिनीवरच्या सेन्सरमध्येही थोडे असतातच.

आणि तुमच्या ओळीतला तो ५२६. तुम्ही त्यावर काही लिहिलं नाहीत, पण मला सगळ्यात आवडलेला आकडा तोच. ५०२ आणि ५४८ यांच्या बरोबर मधे. त्या फ्रेमच्या सुरुवातीला दोष शांत होता, साधारण १४०-१५० सेकंद झाल्यावर त्याने रचना बदलली, आणि उरलेला वेळ तो वरच्या दराने इलेक्ट्रॉन देत राहिला. एका बदलाची वेळ तुमच्या वहीत नोंदली गेली आहे.

आता काळे ठिपके. पहिल्या पिक्सेलच्या सगळ्या डार्कची सरासरी साधारण ५२५ येईल. त्या आकड्यावर हा पिक्सेल कधीच मुक्काम करत नाही. मास्टर डार्क तो ५२५ वजा करतो. खरा पिक्सेल खाली असेल तर उणे २३ उरतात, काळा ठिपका. वर असेल तर अधिक २३, पांढरा. डार्क आणखी वाढवलेत तरी यात फरक पडणार नाही.

माझं ऐकून खात्री मानू नका, स्वतः तपासा:

टोपी लावून कमीत कमी वेळाच्या भरपूर बायस फ्रेम घ्या. दुसरा पिक्सेल तिथेही तितक्याच उड्या मारेल, कारण त्याला एक्स्पोजरशी देणंघेणं नाही. पहिला मात्र बायसमध्ये शहाण्यासारखा वागेल. मग ६०० सेकंदांचे डार्क घ्या. पहिल्याची उडी ४६ ची ९० च्या घरात जायला हवी, दुसऱ्याची २५ वरच राहायला हवी. आणि जमलं तर सेन्सर शून्य अंशांवर आणून बघा. पहिल्याची उडी वाढेल, मुक्काम आखूड होतील.

नुसते "पिक्सेल सदोष आहे" म्हणून थांबू नका. कोणता दोष, कुठे, हे घरबसल्या कळतं आहे.

स्टॅकर_सांगली

ताई, काळ्या ठिपक्यांचं कारण मला माहीत नव्हतं. पण क्लिपिंगने दोन्ही उडतातच ना? मग वेगळी ओळख कशाला?

टेस्टबेंच

डिदरिंग केलं असेल तर उडतात. तुम्ही करता, म्हणून तुम्हाला त्रास नाही. क्लिपिंग "बहुमतापासून दूर असलेलं वाचन फेका" एवढंच जाणतं. पहिल्यासारखा पिक्सेल अर्धा वेळ वर असतो. माऊंट हलवला नाही तर तारकांच्या एकाच जागेवर तोच पिक्सेल येत राहतो, अर्धी वाचनं वर, अर्धी खाली, आणि बहुमत कुणाचंच नाही. क्लिपिंग तिथे हतबल असतं. माऊंट हलवला की तो पिक्सेल दर वेळी वेगळ्या जागी पडतो आणि प्रत्येक जागी एकटा उपरा ठरतो.

नॅरोबँडमध्ये, म्हणजे हायड्रोजन अल्फासारख्या अरुंद पट्ट्याच्या फिल्टरमध्ये, हे जास्त उघडं पडतं त्यालाही कारण आहे. फिल्टर आकाशाचा उजेडच अडवतो, पार्श्वभूमीचे इलेक्ट्रॉन मोजके राहतात, त्यामुळे पाच-दहा इलेक्ट्रॉनांची उडी लपायला जागा उरत नाही. शहरातून साध्या फिल्टरने फोटो काढणाऱ्याला त्याच कॅमेऱ्यात हे दिसणारही नाही.

आणि ज्यांना चलताऱ्यांची तेजस्विता मोजायची आहे त्यांनी तर ओळख करून घ्यावीच. मंद ताऱ्याच्या वर्तुळात असा एक पिक्सेल आला की पायरीसारखा बदल दिसतो, आणि तो ताऱ्याचाच आहे असं वाटतं.

रिफ्रेश६४

मी मूळचा नाशिकचा, आता अमेरिकेत डीरॅम, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीच्या, चाचणीत. टेस्टबेंच ताईंचं वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे हेच भूत वेगळ्या नावाने आहे, व्हेरिएबल रिटेन्शन टाइम. डीरॅमची पेशी म्हणजे एक छोटा कपॅसिटर. त्यातला भार गळत राहतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरतात. बहुतेक पेशी याच्या कितीतरी पट टिकतात. पण काही पेशींची गळती दोन पातळ्यांत उडते, अगदी ध्रुवच्या पहिल्या पिक्सेलसारखी. एका स्थितीत पेशी काही सेकंद टिकते, दुसऱ्या स्थितीत त्याच्या कितीतरी आधी रिकामी होते. १९८७ साली हे पहिल्यांदा जाहीरपणे मांडलं गेलं.

कारखान्यात चाचणी घेता तेव्हा पेशी चांगल्या स्थितीत असेल तर ती पास. मग चिपला पॅकेजिंगची, सोल्डरिंगची उष्णता लागते, आणि आधी नसलेल्या अशा पेशी काही वेळा त्या उष्णतेनेच तयार होतात. "काल पास, आज नापास, उद्या पुन्हा पास" हे ऐकायला गिऱ्हाईक तयार नसतं. एकदा तपासून पेशीवर विश्वास ठेवायचा नाही, हे या क्षेत्रात आल्यावर पहिलं शिकावं लागतं. हल्ली चिपच्या आतच चूक दुरुस्त करणारी संहिता घालतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

ट्रान्झिस्टर मोठे केले तर पायरी लहान होईल, मग करत का नाहीत, असं कुणी विचारेल. आमच्याकडे जागेचं भाडं परवडत नाही. कॅमेऱ्यात काय अडतं ते ताई सांगतील.

पेशीपटल

मी जीवभौतिकीची विद्यार्थिनी, इलेक्ट्रॉनिक्स जेमतेम. पण ध्रुवच्या आकड्यांचा आलेख मनात काढला आणि दचकले, कारण आमच्या प्रयोगशाळेत रोज हाच आलेख येतो.

पेशीच्या पटलात आयन वाहिन्या असतात, प्रथिनांच्या. काचेच्या बारीक नळीचं टोक पटलावर घट्ट टेकवलं की त्याखाली सापडलेल्या एका वाहिनीचा प्रवाह मोजता येतो. वाहिनी उघडी असेल तर काही पिकोअँपिअर, मिटली की शून्य. उघड, मीट, उघड, मीट, आणि वेळेचा नेम नाही. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी गटिंगेनमध्ये बेडकाच्या स्नायूवर १९७६ साली हे पहिल्यांदा दाखवलं, १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एक पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला साठ लाखांहून जास्त आयन, पण पायरी ठरवणारं प्रथिन एकच.

आम्ही मुक्कामांच्या वेळा गोळा करून त्यांचं वितरण काढतो आणि त्यावरून वाहिनीला किती अंतर्गत स्थिती आहेत ते ओळखतो. तुमच्याकडेही तसंच करतात का?

टेस्टबेंच

पेशीपटल, तसंच करतात, आणि तुमचा प्रश्न नेमक्या ठिकाणी बोट ठेवतो.

साधा एकटा सापळा असेल तर मुक्कामांचं वितरण घातांकी असतं. इलेक्ट्रॉन किती वेळ अडकलेला आहे याचा तो पुढच्या क्षणी सुटेल की नाही याच्याशी संबंध नसतो. पडताळा सोपा आहे: मुक्कामांची सरासरी आणि त्यांचं प्रमाण विचलन जवळजवळ सारखं यायला हवं. नाही आलं तर एकापेक्षा जास्त स्थिती आहेत असं समजायचं, तुमच्या वाहिन्यांसारखं. अडकण्याचा सरासरी काळ आणि सुटण्याचा सरासरी काळ वेगवेगळे मोजतात. गेटचं व्होल्टेज वाढवलं की वाहिनीत इलेक्ट्रॉन वाढतात आणि अडकण्याचा काळ सहसा घटतो. या दोन काळांच्या गुणोत्तरावरून सापळ्याची ऊर्जा काढता येते, आणि ते व्होल्टेजबरोबर कसं बदलतं त्यावरून तो ऑक्साइडमध्ये किती आत आहे याचाही अंदाज येतो. नॅनोमीटरच्या अंशातली खोली, साध्या विद्युत मापनावरून.

मात्र प्रत्येक लुकलुकणारी गोष्ट घातांकी नसते. कॅडमियम सेलेनाइडचे नॅनोस्फटिक प्रकाशात असेच पेटतात-विझतात, १९९६ मध्ये ते दिसलं. त्यांच्या मुक्कामांचं वितरण घातांकाने उतरत नाही, लांब शेपटाने हळूहळू उतरतं. जितका जास्त वेळ बघाल तितका लांब मुक्काम सापडत जातो. म्हणून दोन पातळ्या दिसल्या म्हणजे यंत्रणा कळली असं होत नाही, वेळा मोजाव्याच लागतात.

इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे. कमी वारंवारतेला वाढत जाणारा वन बाय एफ नॉइज सगळ्या उपकरणांत असतो आणि तो कुठून येतो यावर फार वाद झाले. १९५७ साली मॅकव्हॉर्टर यांनी मांडलं की ऑक्साइडमध्ये वेगवेगळ्या खोलीवर असंख्य सापळे असतात. खोली थोडी वाढली की टनेलिंगचा (इलेक्ट्रॉनने ऑक्साइडच्या अडथळ्यातून आरपार जाण्याचा) काळ घातांकाने वाढतो, म्हणून मायक्रोसेकंदांपासून तासांपर्यंत सगळ्या काळांचे सापळे एकत्र नांदतात. एकेकट्या सापळ्याचा वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती गोंगाट याचा आलेख) सुरुवातीला सपाट आणि मग उतरता, पण अशा असंख्य वर्णपटांची बेरीज वन बाय एफ होते. हे तेव्हा गणित होतं. १९८४ मध्ये बेल लॅब्सच्या राल्स आणि सहकाऱ्यांनी इतके अरुंद ट्रान्झिस्टर बनवले की कमी तापमानाला त्यात एकेक सापळा वेगळा दिसू लागला, आणि १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या मालव्हर्नच्या कर्टन आणि युरेन यांनी या सगळ्या कामाचा मोठा आढावा लिहिला. गोंगाट वाटणारी गोष्ट सुट्ट्या, मोजता येणाऱ्या घटनांची बेरीज आहे हे तेव्हा डोळ्यांना दिसलं. ७४१ च्या जमान्यात मी जे हेडफोनमध्ये ऐकत होते त्याचं असं उत्तर नंतर वाचायला मिळालं, याचा आनंद मला अजून आहे.

रिफ्रेश६४ यांच्या प्रश्नाचं उत्तर: सोर्स फॉलोअर मोठा केला तर त्याच्या गेटची धारिता वाढते, आणि मग प्रकाशाने आलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनामागे मिळणारं व्होल्टेजही घटतं. एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने जातं. म्हणून दुसरे मार्ग वापरतात. एक म्हणजे वाहिनी पृष्ठभागापासून किंचित खोल ठेवायची, म्हणजे इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या सापळ्यांजवळून जातच नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे हायड्रोजन असलेल्या वायूत सुमारे ४०० ते ४५० अंशांना वेफर तापवून तुटके बंध बुजवायचे. सापळे खूप कमी होतात, पण लाखो पिक्सेलमध्ये काही उरतातच.

संभाव्य

याचा उपयोगही करतात हं. चुंबकीय टनेल जंक्शन (दोन चुंबकी थरांमध्ये अतिपातळ विद्युतरोधक थर) मुद्दाम अस्थिर बनवलं की तेही असंच दोन स्थितींत उडत राहतं, आणि व्होल्टेज देऊन त्याचा कल इकडे किंवा तिकडे झुकवता येतो. जपानचं तोहोकू विद्यापीठ आणि अमेरिकेतलं पर्ड्यू यांनी २०१९ मध्ये असे आठ घटक जोडून ९४५ पर्यंतच्या संख्यांचे अवयव पाडून दाखवले. पर्ड्यूचे सुप्रियो दत्ता त्यात होते.

भोरचा_ध्रुव

ताई, आणि सगळेच, मनापासून आभार. चाचण्या केल्या.

बायसमध्ये पहिला पिक्सेल एकदम सरळ, ५०० च्या आसपास. दुसऱ्याचा हिस्टोग्राम काढला तर तीन शिखरं, ४७५, ५०० आणि ५२५ ला. कडेची दोन्ही जवळजवळ सारख्या उंचीची. हे बघितल्यावर घरच्यांना हाक मारून दाखवलं.

६०० सेकंदांच्या डार्कमध्ये पहिल्याची उडी ९१ आली. दुसऱ्याची तीच २५. मग ३०० सेकंदांवर सेन्सर शून्य अंशांवर आणला, पहिल्याची उडी ११० च्या पुढे गेली आणि सलग तीन-चार फ्रेम टिकणारा मुक्काम क्वचितच दिसला. मधले आकडे मात्र खूप वाढले.

दोन शंका आहेत. शून्यावर मधले आकडे का वाढले? आणि उणे २० ला नेलं तर हे कायमचं जाईल का? कॅमेरा तेवढा थंड होतो.

टेस्टबेंच

ध्रुव, उत्तम काम. मधले आकडे वाढले कारण आता दोष एकाच ३०० सेकंदांत एकदा-दोनदा रचना बदलतो, आणि फ्रेम त्या सगळ्याची बेरीज दाखवते. मुक्काम एक्स्पोजरपेक्षा लहान झाले की दोन पातळ्या एकमेकींत मिसळतात. शून्यावर वेळा मोजायच्या असतील तर ३० किंवा ६० सेकंदांच्या फ्रेम घ्या, उडी लहान दिसेल पण वेळ नीट सापडेल.

उणे २० ने तो जाणार नाही, मंदावेल. अशा दोषाला रचना बदलायला ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. तो ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरला तर २० अंशांवरून उणे १० ला आल्यावर मुक्काम साधारण १५ पट लांबतात. आणखी दहा अंश उतरलात की पुन्हा तीनेक पट. उडीही लहान होईल, कारण डार्क करंटच घटतो. पण एक अडचण आहे: मुक्काम तासांवर गेला तर संध्याकाळी घेतलेल्या डार्कमध्ये पिक्सेल खाली आणि रात्रीच्या फ्रेममध्ये वर, असंही होईल. तेव्हा तो तुमच्या डार्कमध्ये दिसणारच नाही. माझ्या मते उणे १० ठीक आहे. थंडावा वाढवण्यापेक्षा यादी करा.

यादी अशी: प्रत्येक पिक्सेलसाठी सगळ्या डार्कमधलं प्रमाण विचलन काढा, सरासरी नको. बहुतेकांचं ५-६ आकडे येईल. ज्यांचं त्याच्या तिप्पट किंवा जास्त आहे ते पिक्सेल एका नकाशात टाका. तुमचा पहिला पिक्सेल त्यात हमखास येईल. दुसऱ्यासारखे बायस फ्रेमच्या विचलनातून काढा, पण तिथे उंबरठा दुपटीच्या आसपास ठेवा, कारण ते बराच वेळ मधल्या शिखरावरच असतात आणि विचलन तेवढं फुगत नाही. दोन्ही नकाशे एकत्र करून त्या पिक्सेलची किंमत शेजाऱ्यांवरून भरून घ्या, मग डिदरिंग आणि क्लिपिंग. सांगलीकर म्हणतात ते या सगळ्यानंतर खऱ्या अर्थाने कामाला येतं.

नकाशा दर हंगामात नव्याने करा. वैश्विक किरण जमिनीवरही पोहोचतात, नवे दोष होतात, काही जुने शांत होतात. जुना नकाशा फेकू मात्र नका. दोन्ही शेजारी ठेवून कोणता पिक्सेल नव्याने उडायला लागला ते बघा, आणि तसा सापडला तर त्याचे आकडे इथे टाका, मला बघायचे आहेत.